पन्नासच्या वेगाला येणारा आवाज

त्या गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की हा खड्ड्यात उभ्या उभ्या सांगायचा, "डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय," आणि बहुतेक वेळा ते डाव्याच चाकाचं निघायचं. पंचवीस-तीस वर्षं असं बरोबर येत गेलं की आपणही चुकू शकतो याचा माणसाला विसर पडतो. कानसेनला तो पडला होता.

गॅरेज काही मोठं नव्हतं. वर पत्रे, मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीवर पान्यांची फळी आणि दाराशी गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. त्या बाकड्यावर दोन-तीन माणसं कायम असायची. एखाद्याची गाडी आत असायची, बाकीच्यांना दुसरं काही काम नसायचं. कानसेनला ते आवडायचं. ऐकणारं कुणी असलं की त्याचं निदान जरा चढ्या आवाजात व्हायचं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला लेथचं दुकान होतं. त्याच्या मालकाचं टोपणनाव गुंजभर. कुठलाही लोखंडी तुकडा तळहातावर घेऊन हा किंचित डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "गुंजभर जड आहे." मग काट्यावर ठेवला की तो तेवढाच जड भरायचा. वाकलेले शाफ्ट सरळ करणं, त्यांचा तोल साधणं हे त्याचं खास काम. बोलणं मोजकं आणि आवाज इतका हळू की लेथ बंद केल्याशिवाय ऐकू यायचा नाही. दोघांनी एकाच वर्षी या गल्लीत दुकानं टाकली होती. कानसेनचे सगळे शाफ्ट गुंजभरकडे जायचे आणि गुंजभरची खटारा स्कूटर कानसेनकडे.

तर एके दिवशी गुरांच्या डॉक्टरीणबाई त्यांची जीप घेऊन आल्या. जीप चोवीस वर्षांची, चारही चाकांना ताकद जाणारी, चिखलात-दगडात कुठेही चढणारी. बाईंचं निम्मं काम डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांवर. गाय अडली, मेंढ्या आजारी पडल्या, की रस्ता असो-नसो, त्या जायच्या. गाडीवर त्यांचा जीव होता, पण लाड नव्हते. त्यांच्याकडे एक वही असायची. जनावरांच्या नोंदी करता करता त्यांनी गाडीच्याही नोंदी करायला सुरुवात केली होती.

"गिअर टाकला की खाली टक्क करतंय," बाई म्हणाल्या. "वळणावर नाही. फक्त सुटताना."

"क्रॉस झिजलाय," कानसेन गाडीकडे न बघताच म्हणाला. ते बरोबर होतं.

जीपच्या पोटाखालून इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत एक लांब लोखंडी नळ नेतो. त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बेचकं असतं आणि त्या बेचक्यात फुलीच्या आकाराचा क्रॉस बसतो, म्हणजे गाडी उसळली तरी शाफ्ट वाकडातिकडा होऊन फिरू शकतो. शिवाय हा नळ अखंड नसतो. त्याचा एक तुकडा दुसऱ्यात खाचांवर सरकतो. कानसेनने शाफ्ट उतरवला, दोन्ही क्रॉस बदलले, आणि नळाचा तोल राखायला चिकटवलेला एक छोटा चकता गळून पडलेला दिसला म्हणून नळ गुंजभरकडे पाठवला. छोटा सरकता तुकडा मात्र त्याने खड्ड्याच्या काठावरच ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी नळ आला. त्या दिवशी बाकड्यावर चांगली गर्दी होती आणि कानसेन कुठल्याशा ट्रकचा किस्सा सांगत होता, आवाजावरून आपण गिअरबॉक्समधला तुटलेला दात कसा ओळखला त्याचा. किस्सा रंगात आला होता. सांगता सांगताच त्याने नळ उचलला, सरकत्या तुकड्यात ढकलला, तो चपखल बसला, आणि पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून जोडावर दोन्हीकडे पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला. लोक हसले. शाफ्ट चढला. गाडी गेली.

चार दिवसांनी बाई परत आल्या.

"टक्क गेलं," त्या म्हणाल्या, "पण आता घुमतंय." त्यांनी वही उघडली. "चाळीसपर्यंत काही नाही. पंचेचाळीसला सुरू होतं, पन्नासला सीटखाली थरथरतं, साठच्या पुढे जरा कमी. रिकामी असो, भरलेली असो. ॲक्सिलरेटर सोडला तरी जात नाही. क्रॉस बदलल्यानंतरच सुरू झालंय."

"बाई, तुम्ही गाईंचं बघा, गाडीचं आम्ही बघतो," कानसेन म्हणाला. बाकडं हसलं. बाईंनीही हसून वही मिटली.

तो गाडी घेऊन गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आला. पन्नासला आवाज आला. घुंऽऽ असा, लांबवर कुणीतरी जातं ओढत असावं तसा. त्याने खिडकीची काच वर केली, खाली केली, मान वाकडी करून ऐकलं आणि परत येताना त्याचं ठरलं होतं.

"तोल चुकलाय. लेथवाल्याचं काम."

नळ गुंजभरकडे परत गेला. गुंजभरने तो दोन टोकांवर धरून फिरवला, खडूने खुणा केल्या, पुन्हा फिरवला. मग हळूच म्हणाला, "मला तर काही दिसत नाही रे. तो सरकता तुकडाही आण ना. सगळं जोडूनच बघू."

"तो माझ्याकडे आहे. त्याचं मी बघतो. तू तुझं बघ."

"बरं," गुंजभर म्हणाला. समजूत काढल्यासारखं त्याने एक चकता गुंजभर घासला.

कानसेनने ठिपक्याला ठिपका जुळवून शाफ्ट चढवला. आवाज तसाच.

मग सुरू झाली शोधाशोध. इंजिनाखालची रबरं बदलून झाली. ज्या पेटीतून ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटली जाते ती पेटी उघडून झाली. तिच्यातलं एक बेअरिंग थोडं खडबडीत लागलं, तेही बदललं. त्या दिवशी कानसेन गाणं गुणगुणत गाडी घेऊन गेला आणि गप्प होऊन परत आला. बाकड्यावरच्या एकाने विचारलं, "काय, सापडलं का?" दुसरा म्हणाला, "अहो, कानात मळ साचला असेल." थट्टाच ती, पण कानसेनला झोंबली. नाव कानसेन आणि आवाज सापडेना!

शेवटी त्याने जुन्या पद्धतीने एकेक गोष्ट वेगळी करून बघितली. पुढचा शाफ्ट काढला आणि गाडी चालवली. आवाज होता. पुढचा चढवला, मागचा काढला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी पुलापर्यंत नेली. पन्नासला गाडी गोठ्यात बसलेल्या गाईसारखी शांत.

म्हणजे दोष मागच्या शाफ्टमध्येच. त्यात शंका उरली नाही. निदान शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्याच बरोबर निदानाच्या जोरावर तो शाफ्टचा नळ खांद्यावर टाकून गल्लीतून चालत निघाला. बाई मागोमाग आल्या. काय होतंय ते बघायला बाकड्यावरचे दोघेही उठून आले.

गुंजभरच्या दुकानात तेव्हा बसवाल्यांचा माणूस उभा होता. कुठल्याशा बसचा शाफ्ट घेऊन आला होता. कानसेनने नळ धाडकन टेबलावर ठेवला.

"तिसऱ्यांदा आणतोय. याच्यातच आहे. मी वेगळं करून बघितलंय."

गुंजभरने लेथ बंद केलं. "मी दोनदा तपासलाय."

"मग कसा तपासलास? डोळे मिटून?"

कुणीतरी खुदकन हसलं. गुंजभर म्हणाला, "तो सरकता तुकडा आणलास का?"

"अरे, सारखं काय तुकडा, तुकडा! नाचता येईना, अंगण वाकडं. सरळ सांग ना, नजर गेली म्हणून. वय झालं, होतं असं. पण मग लोकांची कामं तरी घेऊ नकोस. या बाई डोंगरात जातात. रस्त्यात शाफ्ट गळून पडला तर जीव कुणाचा जाईल?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून झाल्यावर त्यालाही जरा जास्त वाटलं, पण चार माणसांसमोर शब्द मागे घ्यायचा कसा? गुंजभर चिडेल, उलटून बोलेल, असं त्याला वाटलं होतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. गुंजभरने नळावरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाला,

"असेल. तू म्हणतोस म्हणजे असेल."

बसवाल्यांच्या माणसाने आपला शाफ्ट हळूच उचलला आणि म्हणाला, "येतो मग नंतर." तो काही नंतर आला नाही.

दोन दिवसांनी गुंजभरने नळ परत पाठवला. काय केलं, काही केलं की नाही, त्याने सांगितलं नाही आणि कानसेनने विचारलं नाही. ठिपक्याला ठिपका जुळला, शाफ्ट चढला, आणि पन्नासला पुन्हा घुंऽऽ.

बाई त्या दुपारी बाकड्यावर एकट्याच बसल्या होत्या. ऊन होतं, बाकीचे जेवायला गेले होते. कानसेन खड्ड्याच्या काठावर हात पुसत बसला.

"तुम्हाला एक विचारू?" बाई म्हणाल्या. "मला गाडीतलं कळत नाही. पण लंगडणारी घोडी आणली ना कुणी, की मी आधी तिचा चांगला पाय बघते. तो कसा वळतो, कसा टेकतो. मग दुखरा. नाहीतर दुखऱ्या पायात काय वेगळं आहे ते कळतच नाही. तुमच्यात असं काही असतं का?"

"आमच्यात लोखंड असतं, बाई," तो म्हणाला. बाई पाणी प्यायल्या आणि गाडी तिथेच ठेवून वस्तीवर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीने गेल्या.

त्या गेल्यावर तो खड्ड्यात उतरला. बाईंचं बोलणं काही त्याला पटलं नव्हतं. तो उगाच, आता आलोच आहे तर, म्हणून पुढच्या शाफ्टकडे बघत राहिला. आखूड शाफ्ट, चिखलाने माखलेला, कधी कुणी हात न लावलेला. त्याच्या दोन टोकांची दोन बेचकी एका रेषेत होती. एकाच्या पाकळ्या जमिनीकडे, तर दुसऱ्याच्याही जमिनीकडे. ती एका रेषेत नसली की शाफ्ट घुमतो, हे त्याला गेली तीस वर्षं माहीत होतं. नव्या माणसाला तो पहिलं हेच सांगायचा.

मग त्याने मान मागे वळवली. मागच्या शाफ्टचं एक बेचकं जमिनीकडे बघत होतं आणि दुसरं थोडं तिरकं, खड्ड्याच्या भिंतीकडे.

रॉकेलचा बोळा घेऊन त्याने जोडावरचं जुनं ग्रीस पुसलं. त्याच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या बाजूला, काळ्या थराखाली, कारखान्यात ठोकलेले दोन बाण निघाले. एक इथे आणि दुसरा तीन खाचा पलीकडे. ठिपके समोरासमोर होते. बाण नव्हते.

पहिल्या दिवशी किस्सा सांगता सांगता त्याने शाफ्ट तीन खाचा चुकवून जोडला होता आणि चुकीच्या जागी स्वतःची खूण करून ठेवली होती. मग दर वेळी अगदी काळजीपूर्वक, ठिपक्याला ठिपका लावून, तो तीच चूक पुन्हा पुन्हा जोडत राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नळ आणि सरकता तुकडा एकत्र फिरवून बघितले असते तर गुंजभरला ते पहिल्याच मिनिटाला दिसलं असतं. म्हणून तर तो मागत होता.

कानसेनचे कान तापले. खड्ड्यात कुणी नव्हतं, गल्लीतही कुणी नव्हतं, तरी त्याने वर बघितलं. मग त्याने शाफ्ट सोडवला, तीन खाचा फिरवला, बाणाला बाण लावला, आणि दोन्ही ठिपके चिंधीने घासून काढले. ते काढताना त्याचा हात घाईत होता. हे त्याच्या नंतर लक्षात आलं, आणि सगळ्यात जास्त लाज त्याला त्याच गोष्टीची वाटली.

पुलापर्यंत तो पन्नासने गेला. मग साठने. काहीच नाही. टायरांचा आवाज, वाऱ्याचा आवाज, मागे बाईंच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची किणकिण. इतकी वर्षं अशा शांततेची तो वाट बघायचा. आज ती ऐकू येऊ नये म्हणून त्याने काच पूर्ण खाली केली.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी चक्कर मारली आणि परत येऊन लहान मुलीसारखं हसल्या. "गेलं! काय होतं हो?"

त्याने मनात वाक्य तयार ठेवलं होतं. माझी चूक होती, बाई, मी शाफ्ट चुकीचा जोडला. एवढंच. पण बाकड्यावर तिघे बसले होते आणि तिघांचेही चेहरे त्याच्याकडे वळले होते.

"तोलच होता," त्याच्या तोंडून आलं. "जमलं शेवटी त्याला."

वर जणू मोठ्या मनाने बोलतोय अशा सुरात. बाकड्यावरचा एक म्हणाला, "झापल्याशिवाय कामं होत नाहीत हल्ली." कानसेन आत जाऊन पाण्याच्या नळाखाली हात धूत राहिला. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिला.

अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत तो लेथच्या दुकानावरून एकदाही गेला नाही. किराणा आणायलाही मागच्या बाजूने, लांबून जायचा. अकराव्या दिवशी रात्री जेवायला बसल्यावर बायको म्हणाली,

"लेथवाल्या वहिनी भेटल्या होत्या. भाऊजींचं काही बरं नाही म्हणे."

"काय झालं?"

"डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, या वयात इतके चांगले बघितले नाहीत. तर माणसाने खूश व्हावं की नाही? भाऊजी आणखीच गप्प. वहिनींना म्हणाले, डोळे चांगले आहेत म्हणजे डोकंच गेलंय. त्यांच्या वडिलांचं शेवटी तसंच झालं होतं ना, माणसं ओळखेनात. आता रोज सकाळी उठून मोजदाद करतात. स्वतःशीच पाढे म्हणून बघतात. तोलाचं काम घेणं बंद केलंय. लेथ विकायचं म्हणतायत." तिने त्याच्या ताटाकडे बघितलं. "तुम्ही जेवत का नाही?"

गुंजभरने शिव्या दिल्या असत्या, गल्लीत बदनामी केली असती, तरी चाललं असतं. पण त्या माणसाने विश्वास ठेवला होता. दोनदा तपासून बघणाऱ्या स्वतःच्या हातांपेक्षा त्याने कानसेनच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला होता.

"मी चुकवलंय ते," तो बायकोला म्हणाला. "शाफ्ट मी चुकीचा जोडला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं."

बायकोने वाढायचा डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "हे कधी कळलं तुम्हाला?"

त्याने ताट पुढे सरकवलं. ताट उचलताना ती इतकंच म्हणाली, "मला काय सांगताय."

सकाळी तो गेला. गुंजभर दाराशी स्टुलावर बसला होता, लेथवर कापड टाकलेलं. कानसेनला बघून तो उठला, दुसरं स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. तेवढ्याने कानसेनचं अर्धं बळ गेलं. चहा येईपर्यंत हवेबद्दल बोलणं झालं. चहा पिऊन झाल्यावर कानसेन म्हणाला, "बरं, येतो," आणि उठला. दारापर्यंत गेला आणि पाय पुढे जाईनात. दाराकडे तोंड करूनच तो बोलला.

"तुझं काही चुकलं नव्हतं."

"काय?"

"नळ बरोबर होता. पहिल्यापासून. मी तीन खाचा चुकवून जोडला. बेचकी तिरकी होती. बाण बघितलेच नाहीत मी, स्वतःच्या ठिपक्यांवर जोडत गेलो."

कानसेन वळला. गुंजभर स्टुलावर बसला होता आणि स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत होता.

"मी सरकता तुकडा मागितला होता," तो म्हणाला.

"हो."

"दोनदा."

"हो."

"तिसऱ्यांदा मी नळाचं काहीच केलं नाही. दोन दिवस तसाच ठेवला आणि परत पाठवला. आवाज गेला कळल्यावर मला वाटलं, मी काहीतरी केलं असेल आणि विसरलो असेन." त्याने मान वर केली. त्याचा आवाज आजही हळूच होता. "तुला कधी कळलं?"

कानसेनला खोटं बोलता आलं असतं. काल कळलं, असं म्हणता आलं असतं.

"अकरा दिवस झाले."

गुंजभर उभा राहिला. इतक्या वर्षांत कानसेनने त्याला असं कधी बघितलं नव्हतं. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. "दुकानात येऊन बोललास ते मी गिळलं. माणूस बोलतो. पण अकरा दिवस? मी रोज सकाळी सतराचा पाढा म्हणतोय! बायको चोरून रडते माझी. आणि तू चाळीस पावलांवर बसला होतास?"

"लाज वाटली."

"मग आता काय, गेली?"

"नाही," कानसेन म्हणाला.

गुंजभरने लेथवरचं कापड ओढून काढलं. "जा तू आता. मला काम आहे." काम काहीच नव्हतं. त्याने बटण दाबलं, रिकामं लेथ फिरायला लागलं, आणि त्या आवाजात पुढचं काही बोलायची सोय राहिली नाही.

गॅरेजात परत येईपर्यंत बाकडं भरलं होतं. कानसेन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं, किस्सा सांगतो तसं नाही, सरळ. एकाने विषय बदलला. एकाने "होतं हो असं" म्हटलं. तिसरा, तोच तो झापण्याबद्दल बोलणारा, जमिनीकडे बघत राहिला. आठवड्याने डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांनाही सांगितलं. बेअरिंगचा आणि रबरांचा खर्च तो परत देऊ लागला, तो त्यांनी मुकाट्याने घेतला. मग म्हणाल्या, "ते बाण मला दाखवा." त्या खड्ड्यात उतरल्या, जोडावर बोट ठेवलं आणि वहीत छोटंसं चित्र काढून घेतलं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंत ना?" तो हो म्हणाला. "काय म्हणाले?" तो पाने फळीवर लावू लागला.

वाटलं होतं, सांगून टाकलं की सुटलो. पण बोलणं आपल्याआधी गावभर पोचलेलं असतं. एक ट्रकवाला शाफ्ट घेऊन आला आणि म्हणाला, "त्या लेथवाल्याकडे देऊ नका हं. नजर गेलीय म्हणतात त्याची."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"ते मी म्हणालो होतो," कानसेन म्हणाला. "आणि ते खोटं आहे."

ट्रकवाल्याने त्याच्याकडे विचित्र नजरेने बघितलं. असं मग वरचेवर होऊ लागलं. खाणीवरचा माणूस, विटांच्या भट्टीवाला, कधी न बघितलेला एक ट्रॅक्टरवाला. प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यांदा म्हणतोय असं जड जायचं. घरी आल्यावर बायको त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायची, आज पुन्हा कुणीतरी भेटलं.

बसवाले मात्र आलेच नाहीत. त्यांनी आपलं सगळं शाफ्टचं काम दुसऱ्या गावी द्यायला सुरुवात केली होती. एका रविवारी कानसेन त्यांच्या डेपोवर चालत गेला. त्याची स्वतःची गाडी त्या दिवशी खोलून ठेवलेली होती. डेपोचा मालक ऑफिसात पेपर वाचत बसला होता. कानसेनने उभ्यानेच सगळं सांगितलं.

मालकाने पेपर बाजूला ठेवला. "म्हणजे चूक तुमची होती."

"हो."

"आणि तुम्ही त्याला माझ्या माणसासमोर आंधळा ठरवलंत."

"हो."

"मग लेथवाल्याचं जाऊ द्या, तुमच्याकडे गाड्या द्यायच्या की नाही, हे मला आधी बघायला हवं."

"बघा," कानसेन म्हणाला. "पण शाफ्ट त्याच्याकडे द्या."

मालकाने त्यानंतर कानसेनला खरंच वर्षभर एकही गाडी दिली नाही. पण पुढच्या महिन्यात दोन शाफ्ट गल्लीत आले आणि सरळ दुसऱ्या टोकाला गेले. कानसेनने ते जाताना बघितले आणि मान खाली घालून पाना फिरवत राहिला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी गुंजभर गॅरेजच्या दारात आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. बाकड्यावरची माणसं सरकली, पण तो बसला नाही. खड्ड्याच्या काठाशी येऊन उभा राहिला. कानसेन खाली होता. त्याला आधी फक्त चपला दिसल्या, पण चपला ओळखीच्या होत्या.

"डेपोवर गेला होतास?" वरून आवाज आला.

"हो."

"चालत?"

"हो."

"उन्हात?"

कानसेनने पाना खाली ठेवला.

"तिथे बस जाते," गुंजभर म्हणाला. "त्यांचीच."

बाकड्यावर कुणीतरी हसलं. कानसेनला हसू आलं नाही. त्याने वर बघायचा प्रयत्न केला, पण मान तेवढी वर जाईना. गुंजभर उकिडवा बसला आणि हात खाली केला. कानसेनला वाटलं, आपल्याला वर घ्यायला. पण तो हात त्याच्यासाठी नव्हता. गुंजभर त्याच्या डोक्यावरच्या गाडीच्या शाफ्टचा जोड बोटांनी चाचपून बघत होता. नुकताच चढवलेला. बाणाला बाण लागलाय की नाही ते.

"बरोबर आहे," तो थोड्या वेळाने म्हणाला आणि उठला.

तेव्हापासून ते तसंच चालू आहे. कानसेनने चढवलेला प्रत्येक शाफ्ट गुंजभर येऊन तपासतो, कधी चार माणसांसमोर, कधी कुणी नसताना. कानसेन बाजूला उभा राहतो आणि तो "बरोबर आहे" म्हणेपर्यंत हात पुसत राहतो. नवी गिऱ्हाइकं विचारतात, हे कोण? बाकडं तेव्हा गप्प बसतं, आणि कानसेन स्वतःच सांगतो.